डिशमधले पाच दिवस

नमस्कार मंडळी. पत्रिकेत माझ्या नावापुढे 'टेस्ट ट्यूब बेबी' असा विषय छापलाय. सांगलीत पंधरा वर्षं मी भ्रूणांच्या लॅबमध्ये काम करतेय, पण टेस्ट ट्यूबचा संबंध येतो तो स्त्रीबीजं काढतात तेवढ्यापुरता. पुढचा सगळा संसार तळहातावर मावेल अशा चपट्या प्लॅस्टिकच्या डिशमध्ये. डिशमध्ये मीडियाचे, म्हणजे भ्रूणाला पोसणाऱ्या पाण्याचे थेंब, त्यांच्यावर तेलाचा थर, आणि एकेका थेंबात एकेक भ्रूण, मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं. नुसत्या डोळ्यांनी बघायला गेलात तर आधी धुळीचा कणच दिसेल.

जुलै १९७८ मध्ये इंग्लंडात लुईस ब्राऊन ही जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, त्याच ऑक्टोबरात कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्यायांची 'दुर्गा', आणि १९८६ मध्ये मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून हर्षा. तेव्हा सगळ्यांना घोर होता तो गर्भ राहतो की नाही याचा. आजही येणारी सासू तेवढंच विचारते, "राहील ना हो?" बीज फळल्यापासून गर्भाशयात सोडेपर्यंतचे पाच दिवस भ्रूण कसल्या घरात राहिलं, हे कुणी विचारत नाही.

तर ते घर म्हणजे इन्क्युबेटर. आत ३७ अंश तापमान. आपण श्वास घेतो त्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो, गर्भनलिकेत त्याहून फार कमी. म्हणून इन्क्युबेटरमध्ये नायट्रोजन सोडून ऑक्सिजन ५ टक्क्यांवर आणतात. त्याला पैसे लागतात, आणि काटकसर पहिली इथेच होते. मीडियाचा सामू, म्हणजे आंबटपणाचं माप, टिकावा म्हणून कार्बन डायऑक्साइड ५-६ टक्के. दार उघडलं की हे सगळं हलतं, म्हणून आमच्यात उगाच दार उघडणाऱ्याला शिव्या बसतात.

वासाचं तर विचारूच नका. आमच्याकडे गजरा घालून, अत्तर लावून लॅबमध्ये यायला बंदी आहे. एका लॅबमध्ये मी नवखी असताना शेजारच्या गाळ्याला ऑइलपेंट लागला. आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं. त्या आठवड्यात चांगली दिसणारी भ्रूणं आठ पेशींवर येऊन थबकली, पाचव्या दिवसापर्यंत मोजकीच पोचली. रंगामुळेच, असं शपथेवर सांगता येणार नाही. पण पुढच्या महिन्यात मालकांनी हवेसाठी कार्बनचा फिल्टर बसवला.

आता मीडिया. म्हणजे भ्रूण ज्यात पोसतं ते पाणी: क्षार, ग्लुकोज, अमिनो आम्लं, प्रथिनं. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी ८३६ जोडप्यांच्या चिठ्ठ्या काढून अर्ध्यांची भ्रूणं एका मीडियात वाढवली, अर्ध्यांची दुसऱ्या. २०१६ मध्ये निकाल छापला. एका मीडियातली बाळं दुसऱ्यातल्यांपेक्षा सरासरी १५८ ग्रॅमनी हलकी. अर्ध्या पावशेराला थोडं वर. आणि गंमत अशी, की रुजण्याचं प्रमाण हलक्या बाळांच्या मीडियातच जास्त होतं! 'आमचा सक्सेस रेट इतका' या जाहिरातीत हे कुठे बसवणार? १५८ ग्रॅम म्हणजे आजार नव्हे, घाबरू नका. पण नऊ महिन्यांतले हे मोजकेच दिवस, आणि वजनकाट्यावर त्यांची खूण दिसते. जन्मवजनाचं पुढच्या मधुमेहाशी नातं काय, हे पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आपल्याच गावांतल्या मुलांवर वर्षानुवर्षं तपासताहेत, म्हणून मला हा आकडा सोडवत नाही.

माझा राग वेगळाच आहे. बिस्किटाच्या पुड्यावर काय काय घातलंय ते छापलेलं असतं. मीडियाच्या बाटलीत कुठला घटक किती, हे कंपन्या पूर्ण सांगत नाहीत.

इथे गोठेवाले बसलेत, त्यांना हे लवकर कळेल. गायी-मेंढ्यांची भ्रूणं सीरम, म्हणजे रक्तातला निवळ भाग, घातलेल्या मीडियात वाढवली तेव्हा काही वासरं-कोकरं अवाढव्य निघाली, आईला अडली. जनुकं तीच, त्यांची बटणं वेगळी दाबली गेली. माणसात असा बाळ जास्त वाढण्याचा बेकविथ-वीडेमन नावाचा आजार आयव्हीएफच्या, म्हणजे टेस्ट ट्यूबच्या मुलांत जरा जास्त आढळतो, तरी एकूणात फार दुर्मीळ. गोठवलेल्या भ्रूणाची बाळं ताज्यापेक्षा सरासरी वजनदार असतात, ते आणखी निराळं प्रकरण.

पण खरं सांगू का, आमच्याकडच्या बाळांना सगळ्यात जास्त भोवतं ते जुळं असणं. दोन भ्रूणं सोडा, म्हणजे एक तरी लागेल, असा हट्ट घरचेच धरतात. मग बत्तिसाव्या आठवड्यात काचेच्या पेटीत दोन दीड-दीड किलोची बाळं.

मागून चिठ्ठी आलीय: 'वीज गेली तर?' इन्क्युबेटरला यूपीएस आणि जनरेटर. गोठवलेल्या भ्रूणांना मात्र विजेची गरजच नाही. ती उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये, गायीच्या रेतनाला डॉक्टर आणतात तसल्याच टाकीत. २०१९ च्या महापुरात आमच्या रस्त्यावर पाणी होतं, लॅब तिसऱ्या मजल्यावर. मी रोज टाकीत पट्टी बुडवून बाहेर काढायचे आणि पांढरं दव कुठवर चढलंय ते बघायचे. चौथ्या दिवशी चार बोटं उतरलं होतं. पाचव्या दिवशी ट्रॅक्टरवरून नायट्रोजनचा कॅन आला.