जुना लोगो नेमका कुठे अडतो?

नवा लोगो हवा, असं एखादी तंत्रज्ञान कंपनी म्हणते तेव्हा माझा पहिला प्रश्न असतो, जुना नेमका कुठे अडतोय? बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘आता जुनाट वाटतो.’ हे कारण मला पुरेसं वाटत नाही. कंपनीतली माणसं तो लोगो दिवसभर बघतात, त्यामुळे कंटाळा आधी त्यांनाच येतो. वापरणाऱ्याच्या नजरेत तो आत्ता कुठे बसू लागलेला असतो.

खरी अडचण कशी असते, ते स्लॅक या ऑफिसातल्या संदेशांच्या अ‍ॅपच्या लोगोत स्वच्छ दिसतं. त्यांच्या जुन्या हॅशच्या (#) खुणेत 11 रंग होते आणि ती बरोबर 18 अंशांत कललेली होती. पांढऱ्यावर ती छान दिसायची. रंगीत पार्श्वभूमीवर ठेवली किंवा कोन जरा चुकला की बिघडायची. मग प्रत्येक जागेसाठी वेगळी आवृत्ती निघत गेली, आणि एकाच कंपनीच्या खुणा एकमेकींशी जुळेनाशा झाल्या. 2019 च्या जानेवारीत पेंटाग्राम या डिझाइन संस्थेच्या मायकेल बेरूट यांच्या चमूबरोबर त्यांनी नवी खूण आणली. रंग चारच ठेवले, साधे आकार घेतले, पण हॅशचा भास मोडला नाही. लोकांनी तेव्हा नाकं मुरडली. मला मात्र तो निर्णय आजही बरोबर वाटतो, कारण जे दुखत होतं त्यावरच इलाज झाला.

गूगलने 1 सप्टेंबर 2015 ला अक्षरांच्या टोकांची नखरेल वळणं काढून टाकली. कारण पडद्यांचं होतं. लोक आता मोबाइलवर, घड्याळावर, कधी अगदी संथ इंटरनेटवर ते नाव बघत होते. नव्या लोगोची एक आवृत्ती फक्त 305 बाइट्सची झाली, आधीचा लोगो सुमारे 14,000 बाइट्सचा होता. आणि ठेवलं काय? चार रंग, त्यांचा क्रम आणि शेवटचा तिरका ई. काय ठेवायचं हे ठरवणं मला नवं रेखाटण्यापेक्षा अवघड वाटतं. बैठकांमध्ये त्यावर फारच कमी वेळ जातो, याचं मला वाईट वाटतं.

त्याच गूगलने 2020 मध्ये जीमेल, कॅलेंडर, ड्राइव्ह, मीट अशा अ‍ॅप्सची चिन्हं त्याच चार रंगांत रंगवली. ती सगळी एका घरातली दिसू लागली खरी, पण ब्राउझरच्या बारीक टॅबमध्ये कुठलं कुठलं ते कळेना. लोकांची ती तक्रार रास्त होती. आधी कॅलेंडर निळं म्हणूनच नजर थेट तिकडे जायची. रंग हा तिथे शोधण्याचा आधार होता, तो ओळख सारखी करण्याच्या नादात गेला.

म्हणून कागदावर मोठा लोगो दाखवून मंजुरी घेऊ नका. 16 पिक्सेलच्या चौकोनात टाका, एकाच रंगात छापा, डार्क मोडवर ठेवा. फोन चिन्हाचे कोपरे गोल कापतो, तेव्हा काय उरतं तेही बघा. यातलं एकही जमलं नाही तर रेखाटन अजून पुरं झालेलं नाही.

अक्षरांकडेही लक्ष द्या. सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला लोगो क्षणभर दिसतो, फाँट मात्र दिवसभर. डिझायनर पॉल रँड यांनी 1956 मध्ये आयबीएमची अक्षरं घडवली, 1972 मध्ये त्यांनीच ती आठ पट्ट्यांची केली, आणि तो लोगो आजही चालतो आहे. पण 2017 मध्ये त्याच कंपनीने प्लेक्स हा स्वतःचा फाँट काढला आणि सर्वांसाठी खुला केला. पुढे त्यात देवनागरीही आली. लोगोला हात न लावता कंपनीची अख्खी ओळख ताजी करता येते, ती अशी. तुमचं उत्पादन चार लिप्यांत चालणार असेल, तर फाँट निवडताना चारही लिप्यांची अक्षरं शेजारी शेजारी ठेवून बघा. लॅटिन अक्षरांच्या जाडीपुढे शिरोरेषा दबते का, मात्रा ओळीत कापल्या जातात का, हे लोगोच्या पहिल्या बैठकीतच विचारा.