एक दिवस, एक नदी

नमस्कार श्रोतेहो. डिसेंबर उजाडला की आपल्या गोव्यात दरवर्षी एक गंमत होते, सगळ्या देशातली माणसं सुट्टी काढून इकडे येतात आणि आपण इथले मात्र सुट्टीत जायचं कुठे म्हणून डोकं खाजवत बसतो. कळंगुट-बागाला गाडी लावायला जागा नाही, दूधसागरच्या जीपला कुळेला ही रांग, पणजीत शिरायचं म्हणजे अर्धा दिवस गेला. मग घरात कोणीतरी म्हणतं मालवणला जाऊया, दुसरं म्हणतं नको गोकर्णाला जाऊया, आणि तिकडे पोचावं तर तिकडेपण तीच गर्दी आणि शेजारच्या टेबलावर आपलाच म्हापशाचा शेजारी!

तर आज मी बोलणार आहे ते गोव्यातल्या गोव्यात, स्वतःच्या गाडीने, आजी-आजोबा पोरंटोरं सगळ्यांना घेऊन, गर्दी टाळून कसं फिरायचं त्याबद्दल. आपलं राज्य केवढं, ३७०२ चौरस किलोमीटर, सकाळी निघून रात्री घरच्या गादीवर झोपता येतं. आणि गर्दी म्हणाल तर ती बहुतेक सगळी किनाऱ्याच्या पट्टीला चिकटून बसलेली असते. समुद्राकडे पाठ करा आणि सत्तरी, सांगे, केपे, धारबांदोडा या तालुक्यांच्या अंगाला गाडी वळवा, ऐन नाताळातसुद्धा कित्येक रस्त्यांवर तुमच्या गाडीपुढे फक्त म्हशी असतात.

पण प्लॅन करताना काय होतं ना, आपण मोबाईल उघडतो आणि 'गोव्यातली दहा छुपी ठिकाणं' असा कुठला तरी व्हिडिओ बघतो. त्यातलं एक पेडण्यात, दुसरं काणकोणात, तिसरं चोर्ला घाटात, आणि मग सगळं एका रविवारी बसवायचं! दिवस सगळा गाडीत जातो, धाकट्याला उलटी होते, आजोबांच्या गुडघ्यांना सूज येते आणि प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं, फोटो, चला बसा. शांत जागी जाऊन एवढी घाई करायची असेल तर मग घरीच बरे की.

माझं म्हणणं सोपं आहे, एका दिवशी एकच नदी धरायची. आपल्या बहुतेक नद्या सह्याद्रीतून उतरतात आणि पश्चिमेला समुद्राकडे जातात, आणि जुनी गावं, देवळं, बाजार, फेरीबोटीचे धक्के हे सगळं नदीच्याच काठाने वसलेलं आहे. त्यामुळे नदी धरली की अंतरं आपोआप कमी होतात आणि पोरांना सांगायला एकच गोष्ट राहते.

आता उदाहरण म्हणून कुशावती घेऊया. नाव ऐकलंय पण पाहिली आहे का विचारलं तर निम्मे लोक गप्प बसतात. ही जुवारीची उपनदी, सांगे-केप्याच्या डोंगरांतून खाली येते. मडगावहून निघा आणि पहिल्यांदा चांदर गाठा. चांदर म्हटलं की लोकांना ते पोर्तुगीज काळातले मोठे वाडे आठवतात, तेही बघा, पण त्याआधी गावातल्या कोट भागात जा. जुनं चंद्रपूर ते हेच, कदंब राजांचं नाव ज्या गावाशी जोडलेलं आहे ते. १९२९ मध्ये इतिहास संशोधक फादर हेरास यांनी इथे खणून पाहिलं तेव्हा जुन्या देवळाचा पाया मिळाला. आज तिथे एक दगडी नंदी बसलेला आहे, त्याला डोकं नाही. बाकी आजूबाजूला माड, गवत, कोंबड्या, आणि तिकीट-बिकीट काही नाही. पोरं लगेच विचारतात डोकं कुठे गेलं, आणि तिथून इतिहासाचा क्लास आपोआप सुरू होतो, तुम्हाला काही करावं लागत नाही.

पुढे केप्याच्या वाटेवर पारोडा. इथे डोंगरावर चंद्रेश्वर-भूतनाथाचं देऊळ, गाडी बरीच वरपर्यंत जाते पण पायऱ्या राहतातच, म्हणून ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांना आधीच विचारून घ्या, भिडेपोटी चढायला लावू नका. आमच्या सासूबाई सरळ सांगतात, 'तुम्ही जाऊन या, मी खालूनच नमस्कार करते, देवाला दिसतं.' पावसाळ्यात मात्र ह्या बाजूचं पाणी बेभरवशाचं, जोराच्या पावसात पारोड्याला नदी रस्त्यावर येते आणि वाट बंद होते.

केप्याला थांबून पोटात काहीतरी घाला, हे मी विनंती म्हणून नाही, ताकीद म्हणून सांगतेय. पातळभाजी-पाव, एखादी मिरचीभजी, चहा, आणि बाथरूमला जाऊन या, सगळ्यांनी, ज्यांना लागली नाही त्यांनीसुद्धा. कारण इथून पुढे बायकांसाठी धड सोय मिळणं हे नशिबावर आहे. शांत जागांबद्दल बोलताना ह्या गोष्टीवर कोणी तोंड उघडत नाही पण घरातल्या बायकांचा सगळा दिवस त्यावरच ठरतो, पाणीसुद्धा पीत नाहीत बिचाऱ्या. मोठ्या देवळांच्या अग्रशाळा म्हणजे उतरायच्या खोल्या, पेट्रोलपंप, गावातलं हॉटेल, हे टप्पे आधी पक्के करा आणि मग बघण्याच्या जागा त्यांच्यामध्ये बसवा.

मग रिवण. इथे जांभ्यात कोरलेल्या गुंफा आहेत, लोक पांडवांच्या म्हणतात, जाणकार त्या बौद्ध भिक्खूंच्या असाव्यात असं मानतात. आत काळोख असतो, टॉर्च न्या. आणि तिथून पुढे ज्याच्यासाठी मी ही सगळी वाट सांगतेय ते उसगाळीमळ.

नदीच्या अगदी काठावर जांभ्याचं एक सपाट पठार आहे आणि त्याच्यावर, पायाखाली, हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी चित्रं कोरून ठेवली आहेत. बैल आहेत, हरणं आहेत, बाळंत होणारी बाई आहे, आणि एक मोठं गोल गोल फिरत आत जाणारं चक्रव्यूहासारखं चित्र आहे. गावकऱ्यांना ती माहीत होतीच, पण त्यांनी ती दाखवली आणि पुरातत्त्ववाल्यांपर्यंत गोष्ट पोचली ती १९९३ साली. आता वेळेचं सांगते. भर बारा वाजता गेलात तर ऊन डोक्यावर असतं, सगळा कातळ सपाट तांबडा दिसतो आणि घरातलं कोणीतरी म्हणणारच की ह्यासाठी एवढं आणलंस? तिथे सकाळी लवकर जा, नाहीतर दुपारी चारनंतर. ऊन तिरपं झालं की प्रत्येक रेषेच्या एका कडेला सावली पडते आणि मघाशी नुसता दगड होता तिथे बैलाचं शिंग वर येतं, मग पाठीची रेघ, मग पाय. चपला बाजूला काढून ठेवा, चित्रांवरून चालू नका, आणि त्या चक्रव्यूहात शिरायची वाट पोरांना बोटाने हवेतच शोधायला सांगा, मध्यावर पोचेपर्यंत पाच-दहा मिनिटं आवाज येत नाही एकाचाही. पावसाळ्यात इथे पाणी आणि गाळ असतो, म्हणून पाऊस संपून सगळं सुकलं की जायचं, डिसेंबर-जानेवारी उत्तम.

अजून दिवस शिल्लक असेल तर नदी सोडून जरा पुढे नेत्रावळीला गोपीनाथाच्या देवळासमोरची बुडबुड्यांची तळी. पायऱ्यांवर बसायचं आणि तळातून वर येणारे बुडबुडे बघायचे. टाळ्या वाजवल्या की जास्त येतात म्हणतात, आता ते खरं की आपण वाजवल्यावर जास्त लक्ष देऊन बघतो हे तुम्हीच जाऊन ठरवा. तिथल्या धबधब्यांना मात्र पावसात जायचं असेल तर आधी वनखात्याकडे चौकशी करा. २०२३ च्या जुलैत मैनापीला माणसं बुडाली आणि त्यानंतर वनखात्याने धबधब्यांवर बंदीच घातली होती. बंदी असली की गेटवरच्या गार्डशी वाद घालू नका, तो बिचारा आपल्याच जिवासाठी उभा असतो.

दुसरी नदी ज्यांच्याबरोबर लहान मुलं आहेत त्यांच्यासाठी, मांडवी, पण फेरीबोटीने. जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीखालून खाली गेलं की धक्का, तिथून दिवाडी बेट, बेट पार करून दुसऱ्या टोकाला गेलात की पुन्हा फेरी आणि पलीकडे नार्वे. एका सकाळी दोन फेऱ्या, पोरांना अजून काय पाहिजे? सप्तकोटेश्वराचं मूळ स्थान दिवाडीवर होतं, कदंबांचं ते दैवत, पोर्तुगिजांनी देऊळ पाडलं तेव्हा देव पलीकडे नार्व्याला नेला, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथलं देऊळ नव्याने बांधून घेतलं. म्हणजे देव ज्या पाण्यावरून पलीकडे गेला त्याच पाण्यावरून तुम्ही गाडीसकट जाता. पोरांना हे फेरीवर असतानाच सांगा, देवळात गेल्यावर सांगितलं तर ती ऐकत नाहीत. ओहोटीला रॅम्प खाली जातो, बुटकी गाडी असेल तर खालून घासते, तेव्हा जड माणसांना आधी उतरवा, आणि हँडब्रेक नीट ओढा. ऑगस्टमधला दिवाडीच्या बोंदेरा उत्सवाचा शनिवार आणि नार्व्याची गोकुळाष्टमी, हे दिवस सोडून जा, त्या दिवशी तिथे मुंगीलाही जागा नसते. अर्थात गर्दीच बघायची असेल तर मग तेव्हाच जा, तो आनंद वेगळा.

तिसरी नदी सत्तरीतली म्हादई. वाळपईपासून जवळच नाणूसचा किल्ला, किल्ला म्हणून फार उरलेलं नाही, पण १८५२ मध्ये दीपाजी राणे यांनी पोर्तुगिजांविरुद्ध बंड केलं ते इथून, एवढं माहीत असलं की त्या दगडांकडे वेगळ्या नजरेने बघता. काणकोणात तळपण आणि गालजीबाग ह्या दोन छोट्या नद्या, मुखाशी किनारे आहेत आणि तेही निवांत. गालजीबागला थंडीत समुद्री कासवं अंडी घालायला येतात, रात्री टॉर्च मारत फिरू नका आणि कुंपण घातलेल्या घरट्यांजवळ पोरांना क्रिकेट खेळायला देऊ नका. काणकोणातच खोल्याची मिरची मिळते, २०१९ मध्ये तिला जीआय टॅग, म्हणजे ती इथलीच असल्याची सरकारी ओळख, मिळाला, मिळाली तर घ्या, नंतर बाजारात त्या नावाने काय काय विकतात ते विचारू नका.

मॅपबद्दल एक सांगते. गोव्यात केरी एक नाही, पेडण्यात किनाऱ्यावर तेरेखोलसमोर एक, सत्तरीत चोर्ला घाटाच्या पायथ्याशी एक, आणि फोंड्यात विजयादुर्गेची एक. सुर्लाचंही तेच, तांबडी सुर्ला धारबांदोड्यात, दुसरं सुर्ल सत्तरीत घाटमाथ्यावर, तिसरं डिचोलीत. नुसतं नाव टाकून 'स्टार्ट' दाबलं की ती मॅपमधली बाई तुम्हाला अख्खा गोवा आडवा फिरवून आणेल, तेव्हा तालुका टाका. जंगलाच्या बाजूला नेटवर्क जातं म्हणून मॅप घरूनच डाउनलोड करा, आणि अडलात तर गाडी थांबवून काच खाली घेऊन माणसाला विचारा. 'काका, उसगाळीमळची वाट ही का?' असं विचारलंत तर ते काका वाट तर सांगतीलच, शिवाय पुढे पूल खचलाय की काय, आज जत्रा आहे की काय, हेही सांगतील, ते कुठल्या ॲपमध्ये येत नाही.

गावातले रस्ते एका गाडीपुरते असतात. समोरून कदंबा बस आली तर मागे तुम्हीच घ्यायचं, ती घेणार नाही, हा अलिखित नियम आहे. वळणावर हॉर्न द्या. जेवण दीडच्या आत उरका, अडीचनंतर गावातल्या हॉटेलात मासळी संपते आणि मालक आडवा होतो, मग चारपर्यंत चहासुद्धा नाही. कोणाच्या घरी किंवा होमस्टेला जेवायचं असेल तर आदल्या दिवशी फोन करून किती माणसं, शाकाहारी किती, सोमवार कोण धरतं, हे सांगून ठेवा. सोमवार विसरू नका हं, आपल्याकडे अर्धं घर सोमवारी मासे खात नाही आणि मग ताटावर बसल्यावर कळतं.

आता तुम्ही म्हणाल, बाई तू शांत जागा शांत जागा म्हणतेस आणि रेडिओवरच नावं वाचून दाखवतेस! बरोबर आहे. पण ही सगळी नावं सरकारी पाट्यांवर आहेत, लपवण्यासारखं त्यात काही नाही. आमच्या गावामागे एक झर आहे, त्याचं नाव मी सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही, तुमच्याही गावात असेल असं काहीतरी, त्याची रील टाकू नका म्हणजे झालं. आणि जिथे जाल तिथे ते कोणाचं तरी परसू असतं, कोणाची तरी देवराई असते, गाण्याचा आवाज तेवढा गाडीतच ठेवा.

पुढच्या आठवड्यात कुशावतीला जायचं असेल तर घरातून सातला निघा, चांदर नऊच्या आत उरका, केप्याला नाश्ता, दुपारचं ऊन रिवणच्या गुंफांत आणि जेवणात काढा आणि चारला उसगाळीमळ. गाडीत टॉर्च, पाण्याचा कॅन, एक जुनी चादर, उलटीच्या पिशव्या, आणि टाकीत पेट्रोल कुडचडे किंवा केप्यालाच भरून घ्या. नमस्कार.