डोळे मिटून तालीम

(दृश्य: अंधार. पडदाभर एकच हात.)

उजव्या हाताची मूठ आवळा. जरा जोरात. नखं तळव्यात रुततील, मनगटापासून कोपरापर्यंत ताण चढत जाईल. पाच सेकंद तसंच धरून ठेवा. आता सोडा.

सोडल्यानंतर काय होतंय, तिकडे लक्ष द्या. बोटं अर्धवट मिटलेली राहतात. हात जड वाटायला लागतो. मूठ आवळण्याआधी तो हात मोकळाच आहे असं वाटत होतं, पण तोही थोडासा धरून ठेवलेलाच होता, हे आत्ता कळतं.

एडमंड जेकबसन हे अमेरिकेतले डॉक्टर, शिकागोचे. त्यांनी आयुष्याचा मोठा काळ या 'सोडण्या'चा अभ्यास केला आणि १९२९ साली त्यावर ग्रंथ लिहिला. त्यांचं सांगणं असं, की माणूस जबडा, खांदे, भुवया दिवसभर आवळून धरतो आणि त्याला त्याचा पत्ताच नसतो. आधी ताण ओळखायला शिका, मग तो सोडता येईल. एकेक स्नायू घेऊन, घाई न करता.

जेकबसननी आणखी एक गोष्ट मोजली. शांत पडलेल्या माणसाला ते सांगत, हात वाकवतोय अशी नुसती कल्पना करा. हात हलत नसे. पण दंडाच्या स्नायूत विजेची अगदी क्षीण हालचाल उपकरणावर उमटत असे.

(दृश्य: करंगळी बाजूला सरकते, परत येते. पुन्हा सरकते.)

आता ही करंगळी बघा. १९९२ साली ग्वांग युए आणि केली कोल या दोन संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटानं चार आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, करंगळी पूर्ण ताकदीनं बाहेरच्या बाजूला रेटली. दुसऱ्या गटानं ती फक्त मनात रेटली, बोट जागचं न हलवता. तिसऱ्या गटानं काहीच केलं नाही. खरा व्यायाम करणाऱ्यांची ताकद सरासरी ३० टक्के वाढली. मनात करणाऱ्यांची २२ टक्के. काहीच न करणाऱ्यांची चार टक्क्यांच्याही आत.

या आकड्यांवर थोडं थांबायला हवं, कारण इथूनच पुष्कळ भाबड्या गोष्टी सुरू होतात. मनात व्यायाम करणाऱ्यांचे स्नायू मोठे झाले नव्हते. ताकद म्हणजे फक्त मांस नव्हे. मेंदूकडून निघालेला हुकूम स्नायूतल्या किती तंतूंपर्यंत, किती जोरानं, किती एकजुटीनं पोहोचतो, यावरही ती ठरते. नवीन व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत वजन पटापट वाढवता येतं ना, त्यात मोठा वाटा या हुकुमाचाच असतो. स्नायू भरतो तो नंतर, सावकाश. कल्पनेनं घडते ती हुकुमाची तालीम.

आपल्या भाषेत नाटकाच्या सरावालाही तालीम म्हणतात आणि पैलवान जिथं घुमतात त्या जागेलाही तालीमच म्हणतात. या विषयाला याहून चपखल शब्द मला तरी सापडलेला नाही.

(दृश्य: प्लास्टर घातलेलं मनगट. खिडकीतून येणारा उजेड.)

याचा खरा उपयोग मला दिसतो तो इथे. हात किंवा पाय बांधला गेला, की ताकद भराभर उतरते. २०१४ साली अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठातल्या संशोधकांनी धडधाकट स्वयंसेवकांच्या मनगटांना चार आठवडे प्लास्टर घातलं. त्यातल्या काहींनी आठवड्यातून पाच दिवस एकच काम केलं: मनगट पूर्ण ताकदीनं आवळतोय अशी पाच सेकंद कल्पना, मग पाच सेकंद विसावा, आणि पुन्हा तेच. प्लास्टर निघालं तेव्हा नुसत्या बसून राहिलेल्यांची सुमारे ४५ टक्के ताकद गेली होती. कल्पना करणाऱ्यांची सुमारे २४ टक्के.

दुखापतीमुळे घरी बसलेल्या माणसाचा हुरूप आधी खचतो, शरीर नंतर. त्या दिवसांत हाती असलेलं हे काम आहे. डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टना विचारून करावं, पण करावं.

ज्यांना फक्त वजन उतरवायचंय, त्यांना मात्र स्पष्ट सांगायला हवं. पडून कल्पना केल्यानं चरबी जळत नाही. १९९१ साली फ्रान्समध्ये जाँ देसेती आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की माणूस मनात जितक्या वेगानं चालतो तितके त्याचे हृदयाचे ठोके आणि श्वास थोडे वाढतात. म्हणजे शरीर तयारीला लागतं, इतकंच. चालायचं काम पायांनाच करावं लागतं.

(दृश्य: आरसा. आरशात कुणीच नाही.)

'तुमच्या सडपातळ रूपाचं चित्र डोळ्यांसमोर आणा,' हा सल्ला तुम्हीही ऐकला असेल. मला तो आवडत नाही, आणि त्याला कारण आहे. १९९१ साली गाब्रिएले ओटिंगन आणि थॉमस वॉडन यांनी वजन कमी करण्याच्या कार्यक्रमातल्या स्त्रियांचा अभ्यास केला. 'मला हे जमेल' असा भरवसा असलेल्यांचं वजन जास्त उतरलं. पण ज्या यशाची गोड गोड चित्रं रंगवत होत्या, त्यांचं कमी उतरलं. पुढे २०११ साली ओटिंगन यांनी हेदर कापेस यांच्यासोबत दाखवलं, की मनासारखं सगळं झाल्याच्या कल्पनेत रमलेल्या माणसाचा वरचा रक्तदाबही थोडा उतरतो. जणू काम झालंच. अंगातली उठण्याची ऊर्मीच ओसरते.

म्हणून मनात रंगवायचं ते पोहोचल्याचं चित्र नव्हे. निघण्याचं रंगवायचं. पहाटे पांघरूण बाजूला सारतानाचा गारवा. पहिल्या दहा मिनिटांत लागणारी धाप. बैठकांच्या आठव्या-नवव्या वेळी मांडीत पेटणारी आग, आणि त्या क्षणी टाचा जमिनीवर तशाच रेटून वर येणं. अडचण मनात आधी येऊन गेलेली असली, की प्रत्यक्षात ती अनोळखी राहत नाही.

(दृश्य: निळं पाणी. वरून दिसणारी जलतरणाची मार्गिका.)

अमेरिकेचा जलतरणपटू मायकल फेल्प्स लहान होता तेव्हा त्याचे प्रशिक्षक बॉब बाऊमन यांनी त्याच्या आईकडे अंग सैल सोडण्याचे व्यायाम दिले होते. रात्री झोपण्याआधी आई वाचून दाखवायची आणि मुलगा मूठ आवळून सोडायचा. आपण सुरुवातीला केलं तेच. पुढे त्यात मनातल्या शर्यतीची भर पडली. बिनचूक पोहलेली शर्यत, आणि काहीतरी बिघडलेली शर्यतसुद्धा.

२००८, बीजिंग ऑलिंपिक. २०० मीटर बटरफ्लायची अंतिम फेरी. उडी मारल्यावर त्याच्या गॉगलमध्ये पाणी शिरलं आणि ते भरतच गेलं. शेवटच्या टप्प्यात भिंत दिसेनाशी झाली. तो हातांचे फटके मोजत राहिला. भिंतीला हात लागला, त्यानं गॉगल काढला आणि फलकाकडे पाहिलं: १ मिनिट ५२.०३ सेकंद. सुवर्णपदक आणि विश्वविक्रम.

(दृश्य: रिकामी खोली. जमिनीवर बुटांची जोडी.)

मग करायचं कसं? आधी अंग सैल सोडायचं. पायांच्या बोटांपासून कपाळापर्यंत, आवळायचं आणि सोडायचं. श्वास आत घेताना हृदय किंचित जलद चालतं, सोडताना किंचित संथ होतं. म्हणून श्वास सोडणं लांबवायचं, मोजत बसायची गरज नाही. पाच-सात मिनिटं पुरेत. झोप लागली तर लागू द्या, तुम्हाला ती हवीच असणार. कष्टानं ताणलेलं शरीर दुरुस्त होतं ते विश्रांतीतच.

पण एकदा अंग सैल झालं, की तालमीसाठी उठा. २००१ साली पॉल होम्स आणि डेव्हिड कॉलिन्स या क्रीडा मानसशास्त्रज्ञांनी हा मुद्दा लावून धरला: ज्या हालचालीची कल्पना करायची, शक्य तितकं त्याच पवित्र्यात, त्याच कपड्यांत, जमलं तर त्याच जागी करा. धावायचं असेल तर बूट घालून उभे राहा. आणि वेग खरा ठेवा. जी चढण चढायला चार मिनिटं लागतात, ती मनातही चार मिनिटांतच चढा. इथे बहुतेकांची गडबड होते. मन चढण गाळून थेट माथ्यावर जाऊन बसतं.

स्वतःला दूरदर्शनवर पाहिल्यासारखं बाहेरून पाहू नका. आतून अनुभवा. तळपायाखालची जमीन, पाठीवरचा घाम, कानांत घुमणारा स्वतःचा श्वास. काहींच्या डोळ्यांसमोर चित्रच येत नाही. २०१५ साली ॲडम झेमन आणि सहकाऱ्यांनी या स्थितीला 'अफँटेझिया' असं नाव दिलं. अशांनी चित्राच्या मागे लागू नये. वजनाचा भार, पावलांचा ठेका यावर लक्ष ठेवून पाहावं.

(दृश्य: पहाट. पलंगाच्या कडेवर बसलेली एक बाई. डोळे मिटलेले, पायांत बूट.)

ती आता चढणीच्या मध्यावर आहे. खांदे वर चढलेत, हे तिच्या लक्षात आलं. तिनं ते खाली सोडले. ओठ किंचित हलताहेत, ती पावलं मोजतेय. चार मिनिटं झाली. डोळे उघडले. डाव्या बुटाची नाडी सैल वाटतेय. ती वाकून पुन्हा गाठ मारते आणि दार उघडते.

(पावलांचा आवाज, दूर जाणारा.)