झोपेतला रक्तदाब

(मालवणात झालेल्या आरोग्य व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

"डॉक्टर, घराक माझा बीपी बरा असता, हंय इलंय काय वाढता." ही तक्रार माझ्याकडे आठवड्यातून एकदा तरी येते. पूर्वी मी ती हसून सोडून देत असे आणि गोळी वाढवत असे. ते चुकत होतं, हे आज मला तुमच्यासमोर सांगायचं आहे.

आपल्याकडे पेशंट दवाखान्यात कसा पोहोचतो बघा. भर उन्हात घाटी चढून, एसटी चुकेल या धास्तीत. आल्याआल्या आपण पट्टा गुंडाळतो, वर "सून कशी आहे?" म्हणून विचारतो. बोलताना रक्तदाब चढतो, पाय लोंबकळत असतील तर चढतो, दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर आकडा खोटाच जास्त येतो. पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, हात छातीच्या उंचीला आधारावर. एवढं पाळलं तरी पुष्कळांचा आकडा खाली येतो.

दंडाला पट्टा बांधून दाब मोजायची रीत इटलीच्या रिव्हा-रोच्ची यांनी १८९६ मध्ये दिली. स्टेथोस्कोपने आवाज ऐकून वरचा-खालचा आकडा ठरवायची पद्धत १९०५ मध्ये रशियाच्या कोरोत्कोव्ह यांची. शंभरहून अधिक वर्षं आपण त्यावर चाललो, आणि गोळ्यांनी पक्षाघात टळतो हे सिद्ध करणारे बहुतेक प्रयोगही दवाखान्यातल्या आकड्यांवरच झाले. म्हणून मी त्या आकड्याला टाकाऊ म्हणणार नाही. पण पुढचा धोका कोणाला, हे सांगायला तो अपुरा पडतो.

स्पेनमध्ये २००४ ते २०१४ या काळात ५९,१२४ लोकांचा रक्तदाब दवाखान्यात मोजला आणि शिवाय २४ तास अंगावर यंत्र बांधून मोजला. पुढे कोण दगावलं याची नोंद ठेवली. २०२३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते निष्कर्ष आले. २४ तासांच्या आकड्याचा मृत्यूशी संबंध दवाखान्यातल्या आकड्यापेक्षा कितीतरी घट्ट निघाला. दोन्ही एकत्र मांडले तर दवाखान्यातल्या आकड्याकडे वेगळं सांगण्यासारखं फारसं उरलंच नाही. आणि दिवसापेक्षा झोपेतला आकडा जास्त बोलका ठरला. एरवी झोपेत दाब दहा-वीस टक्के उतरतो. ज्याचा उतरत नाही, त्याच्या रक्तवाहिन्यांना विसावा मिळत नाही.

त्याच अभ्यासात, डॉक्टरला बघूनच ज्यांचा दाब चढतो त्यांचा धोका वाढलेला दिसला नाही. म्हणजे 'घराक माझा बीपी बरा असता' म्हणणाऱ्यांचं मी ऐकायला हवं होतं. उलट दवाखान्यात १२८ आणि घरी, झोपेत वाढलेला, असा लपलेला दाब ज्यांचा होता, त्यांचा धोका वाढलेला होता. मला काळजी याच माणसांची वाटते. ती स्वतःहून येत नाहीत, आली तरी "नॉर्मल आहे" ऐकून घरी जातात.

इथे एक गोष्ट खास आपल्या किनाऱ्यासाठी. रात्रभर समुद्रावर असणाऱ्या माणसाची 'रात्र' घड्याळाची धरून चालणार नाही. तो सकाळी बंदराला लागून जेवून झोपतो, तीच त्याची रात्र. २४ तासांचं यंत्र लावताना झोपेच्या वेळा डॉक्टरला लिहून द्या, नाहीतर अहवालच उलटा वाचला जाईल.

यंत्र सगळीकडे मिळत नाही, खर्चही आहे. मग घरचं मोजमाप. मनगटाचं नको, दंडाचं यंत्र घ्या. सात दिवस, सकाळी गोळी आणि चहाच्या आधी दोनदा, संध्याकाळी दोनदा, मध्ये एक मिनिट सोडून. पहिला दिवस वगळा, बाकीच्यांची सरासरी काढा. मर्यादाही वेगळ्या आहेत: दवाखान्यात १४०/९०, घरी १३५/८५, २४ तासांच्या सरासरीला १३०/८०, झोपेत १२०/७०. घरी १३८ आलं म्हणून "१४० च्या आत आहे" असं समजू नका. आणि आकडा चांगला आला म्हणून मनानेच गोळी बंद करू नका, वही घेऊन या.

सुका बांगडा, लोणचं, आगळ यांतलं मीठ हा वेगळा विषय आहे, त्यावर पुन्हा कधीतरी बोलू.

मागच्या टेबलावर यंत्र ठेवलं आहे. ज्यांनी स्वतःचं आणलंय, त्यांनी दोन्हीवर मोजून ताडून बघा. आधी पाच मिनिटं खुर्चीवर गप्प बसा.