माणूस येत नाही, बरणी येते

(नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका ज्येष्ठ नागरिक संघात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. मी पॅथॉलॉजिस्ट. तुमच्यातल्या पुष्कळांच्या रिपोर्टखाली माझी सही असेल, पण गाठभेट झालेली नसणार. कारण माझ्याकडे माणूस येत नाही, बरणी येते. सर्जनने काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेला, बरणीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव, वय आणि तुकडा कुठून काढला ते. एकतीस वर्षं मी या चिठ्ठ्या वाचतेय. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे तुकडे पूर्वीही यायचे. हल्ली वयाच्या रकान्यात अडतीस, एक्केचाळीस असे आकडे दिसले तरी मी पूर्वीसारखी दचकत नाही, आणि ही काही बरी गोष्ट नाही.

आठ वर्षांपूर्वी अशाच एका चिठ्ठीवर ओळखीचं नाव दिसलं. वय ४४, गाव निफाड तालुक्यातलं. माझा सख्खा मावसभाऊ. मी फोन केला तर म्हणतो, "ताई, तुला उगाच कशाला त्रास म्हणून बोललो नाही." त्याला अकरा महिने शौचावाटे रक्त जात होतं. आता तुम्ही म्हणाल, अंगावर काढलं. तसं नाही. तो गेला होता डॉक्टरांकडे, दोन ठिकाणी. 'मूळव्याध, भगंदर, फिशर' अशी पाटी आपल्याकडे प्रत्येक स्टँडच्या आसपास असते, तशा पाटीखाली. मलम मिळालं, चूर्ण मिळालं, तिखट बंद झालं. रक्त चार दिवस थांबायचं, परत यायचं. मध्ये द्राक्षबागेची ऑक्टोबर छाटणी आली, मग थिनिंग म्हणजे मणी विरळ करणं, मग डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, मग व्यापारी बागेत यायला लागले. द्राक्षवाल्याला त्या दिवसांत स्वतःच्या अंगाकडे बघायला सवड कुठली? माल गेला आणि मगच तो नाशिकला आला.

गाठ गुदद्वारापासून पाच सेंटीमीटरवर होती. पाच सेंटीमीटर म्हणजे किती, हे आपापल्या तर्जनीकडे बघा म्हणजे कळेल. बोट पोचतं तिथे. अकरा महिन्यांत एकाही ठिकाणी कोणी हातमोजा चढवून, जेली लावून बोटाने तपासलं नव्हतं. त्याला मूळव्याध होतीच, ते खोटं नव्हतं. मूळव्याध निम्म्या गावाला असते. तिच्या वर आणखी काही आहे का, हे बघायचं राहिलं.

मला आज मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरचं 'नवीन संशोधन' या विषयावर बोलायला सांगितलंय. बोलते. पण ते पाच सेंटीमीटर आणि ते अकरा महिने बाजूला ठेवून मला त्यावर बोलता येत नाही.

मोठ्या आतड्याचं अस्तर उभं कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं की स्टँडमध्ये टेस्ट ट्यूब ओळीने लावल्यासारखं दिसतं. प्रत्येक नळीच्या तळाशी मूळ पेशी असतात. त्यांच्यापासून नव्या पेशी बनतात, भिंतीने वर सरकतात आणि चार-पाच दिवसांत वरून गळून जातात. पिकलं पान गळावं तसं. वर गेलीस की वाढ थांबव आणि गळ, हा हुकूम ज्या जनुकाच्या जोरावर चालतो त्याचं नाव एपीसी. ते बिघडलं की पेशी गळायचं नाकारते. तिथे गर्दी होते आणि एक बारीक मोड वर येतो, तो पॉलिप. १९९० साली फियरॉन आणि व्होगेलस्टाइन या दोन अमेरिकन संशोधकांनी मांडलं की एका बिघाडाने कर्करोग होत नाही, बिघाडावर बिघाड चढत जातो. एपीसीच्या मागून केआरएएस बिघडतं, म्हणजे पेशीचा अ‍ॅक्सिलरेटर अडकतो. पुढे टीपी५३ जातं, म्हणजे राखणदारच गेला. ही सगळी वाटचाल व्हायला साधारण दहा वर्षं लागतात, आणि बहुतेक पॉलिप तर तिथवर पोचतही नाहीत. दहा वर्षं सावकाश चालणारा, दुर्बिणीतून दिसणारा आणि दिसला की त्याच दुर्बिणीतून तारेच्या फासाने कापून काढता येणारा कर्करोग फारसा दुसरा नाही. तरीही २०२२ या एका वर्षात जगात १९ लाखांवर लोकांना तो झाला आणि ९ लाखांच्या आसपास माणसं गेली.

आता मला जे सांगायची खरी हौस आहे, त्याकडे येते. गोष्ट १८९५ ची, अमेरिकेतल्या मिशिगनमधली. आल्ड्रेड वॉर्थिन म्हणून एक गृहस्थ, आमच्याच धंद्यातले, पॅथॉलॉजिस्ट. त्यांच्याकडे शिवणकाम करणारी एक बाई होती. ती एकदा खिन्न दिसली म्हणून त्यांनी विचारलं, तर म्हणाली, आमच्या घरातले लोक आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कर्करोगाने जातात, मीही लवकर जाणार. आणि ती खरंच तरुणपणी गर्भाशयाच्या कर्करोगाने गेली. वॉर्थिन यांनी तिच्या घराण्याची वंशावळ काढून १९१३ साली छापली. पुढे हेन्री लिंच यांनी अशी घराणी आयुष्यभर हुडकली, म्हणून आज त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात.

त्या घराण्यांत बिघडलेलं काय असतं? मुद्रितशोधक. तुमच्यातल्या कोणी छापखान्यात काम केलं असेल तर चटकन कळेल. पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल होते आणि नकलेत चुका राहतात. त्या तपासून दुरुस्त करणाऱ्या प्रथिनांच्या संचाला एमएमआर म्हणतात. त्यातली चार आम्ही बघतो: एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२. यातलं एक जरी नसलं तरी चुकांचा ढीग साचतो. लिंच घराण्यात हा दोष जन्मतः येतो. पण वयस्कर माणसाच्या गाठीत तो आनुवंशिकतेशिवायही उपटतो. सगळ्या मिळून मोठ्या आतड्याच्या शंभरातल्या पंधराएक गाठी अशा असतात.

गंमत अशी की इतक्या चुका असलेली पेशी विचित्र प्रथिनं बनवते आणि आपल्या प्रतिकारशक्तीला ती परकी वाटते. स्लाइडवर मला ते दिसतं. गाठीच्या पेशींमध्ये घुसलेले बारीक गडद निळे ठिपके, म्हणजे लिम्फोसाइट, प्रतिकारशक्तीचे शिपाई, घराला वेढा घातल्यासारखे. पण लढत नाहीत, नुसते उभे. गाठीने त्यांचा ब्रेक दाबून धरलेला असतो. तो ब्रेक सोडवता येतो हे दाखवलं म्हणून २०१८ सालचं वैद्यकाचं नोबेल जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होन्जो यांना मिळालं.

२०२२ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयातल्या डॉ. आंद्रेआ सर्सेक यांच्या गटाने गुदाशयाच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अगदी शेवटच्या भागाच्या कर्करोगाचे बारा रुग्ण जाहीर केले. बाराही जणांच्या गाठी एमएमआर नसलेल्या. त्यांना सहा महिने डोस्टारलिमॅब हे ब्रेक सोडवणारं औषध दिलं. किमो नाही, शेक म्हणजे रेडिएशन नाही, ऑपरेशन नाही. बाराच्या बारा जणांची गाठ दिसेनाशी झाली. बारा म्हणजे फार थोडे, असं मीही तेव्हा म्हटलं होतं. २०२५ साली तोच आकडा ४९ पैकी ४९ वर गेला. मी माझ्या आयुष्यात शंभर टक्के असं काही वाचलेलं नाही, म्हणून ती ओळ दोनदा वाचली.

यावर आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर काय फिरलं? 'कॅन्सरवर औषध सापडलं.' तसं नाही हो. गुदाशयाच्या शंभर गाठींत अशा गाठी पाच ते दहा. बाकीच्यांना या औषधाचा जवळपास उपयोग नाही. आणि ते महाग आहे, सामान्य घराच्या आवाक्याबाहेर. पण आपली गाठ त्या पाच-दहांत आहे की नाही, हे कळायला काही हजार रुपयांची तपासणी पुरते. आयएचसी म्हणतात तिला. त्याच तुकड्याचे चार पातळ काप, चार रंग. पेशीचं केंद्रक तपकिरी झालं तर प्रथिन आहे, निळंच राहिलं तर नाही. मी एवढंच बघते. कित्येकदा रिपोर्टवर ही ओळच नसते, कारण कोणी मागितलेली नसते. तुमच्या घरात असा रिपोर्ट आला आणि त्यात एमएमआर हा शब्द नसला तर विचारा. बरणीतला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात वर्षानुवर्षं टिकतो, नंतरही तपासता येतो.

मावसभावाच्या चार स्लाइड मी स्वतः बघितल्या. चारही तपकिरी, म्हणजे तो त्या पाच-दहांत नव्हता. इतका सुंदर तपकिरी रंग मला इतका नकोसा कधी झाला नव्हता.

मग त्याचं सगळं नेहमीच्या वाटेने झालं. आधी शेक आणि किमोच्या गोळ्या, मग ऑपरेशन, पोटावर पिशवी. पिशवी तात्पुरती होती, पाच महिन्यांनी आतडं परत जोडलं. पण ते पाच महिने! एप्रिलच्या उन्हात घामाने पिशवीची चकती सुटायची. कातडी सोलवटायची. तो सदऱ्याच्या आतून गमछा बांधून बागेत जायचा आणि लग्नाकार्याला जायचं टाळायचा, आवाज होईल म्हणून. त्याला खरी मदत कोणी केली असेल तर एका नर्सताईंनी. चकतीचं भोक स्टोमाच्या, म्हणजे पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडाच्या मापाचंच कापायचं, मोठं नाही. चिकटवण्याआधी कातडी पूर्ण कोरडी करायची. पिशवी एक-तृतीयांश भरली की रिकामी करायची. एवढ्या तीन गोष्टी त्याला आधी कोणी सांगितल्या नव्हत्या. औषधाच्या चिठ्ठीवर त्या लिहिलेल्या नसतात ना.

पिशवीच टाळता येईल का, यावरही काम चाललंय. ब्राझीलच्या सर्जन आंजेलिता हाब्र-गामा यांनी २००४ साली आपले अनुभव छापले: शेक आणि किमोनंतर गाठ पूर्ण विरघळली असेल तर ऑपरेशन न करता लक्ष ठेवायचं. तेव्हा सर्जन मंडळी त्यांच्यावर तुटून पडली, आज तो मान्य मार्ग आहे. फक्त लक्ष ठेवायचं म्हणजे पहिली दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी दुर्बीण आणि एमआरआय. सुरगाण्याच्या पाड्यावरून एसटीने येणारा माणूस तेवढ्या फेऱ्या मारील का, हे बघून ठरवावं लागतं. माझं मत विचाराल तर जो फिरकणार नाही त्याला हा मार्ग देऊ नये.

आता इथे बसलेल्या जॉगिंग ट्रॅकवाल्यांसाठी. २०२५ साली 'चॅलेंज' नावाच्या प्रयोगाचे निकाल आले, मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातले. आतड्याच्या कर्करोगाचं ऑपरेशन आणि किमो संपलेले ८८९ लोक. निम्म्यांना व्यायामाची माहितीपुस्तिका दिली. उरलेल्यांना तीन वर्षं मागे लागून व्यायाम करायला लावला. आठ वर्षांनी पुस्तिकावाल्यांत शंभरातले ८३ हयात होते, व्यायामवाल्यांत ९०. कित्येक महागड्या औषधांना सात माणसांचा फरक दाखवता येत नाही. व्यायाम तरी कसला, तर आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण-एक तास झपझप चालणं. कट्ट्यावर बसून चहा पिण्याचा वेळ त्यात धरलेला नाही. त्यातली कळीची गोष्ट मात्र पुस्तिका नव्हे, मागे लागणारं माणूस.

त्याच वर्षी स्कँडिनेव्हियातून अ‍ॅस्पिरिनची बातमी आली. पीआयके३सीए या वाटेवरच्या जनुकांत बिघाड असलेल्या गाठी, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून थोड्या जास्त. त्यांच्या रुग्णांना रोज १६० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन तीन वर्षं दिलं तर आजार उलटण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. उद्या सकाळी कोणी मेडिकलमधून पट्टी आणू नका. अ‍ॅस्पिरिनने पोटात रक्तस्राव होतो, आणि ही गोष्ट ऑपरेशन झालेल्या, जनुक तपासलेल्या रुग्णांची आहे.

तरुणांना का होतोय, याचं एक उत्तर जिवाणूंकडे बोट दाखवतंय. आपल्या आतड्यातल्या ई. कोलायच्या काही जाती कोलिबॅक्टिन नावाचं विष सोडतात, ते डीएनएवर ओळखू येईल असा ओरखडा ठेवतं. २०२५ साली ११ देशांतल्या ९८१ गाठींचं वाचन छापून आलं. चाळिशीच्या आतल्या रुग्णांत हा ओरखडा सत्तरीपुढच्यांपेक्षा सुमारे तिप्पट सापडला, आणि तो बहुधा लहानपणीच, पहिल्या दहा वर्षांत उमटलेला. ओरखडा आहे म्हणून कर्करोग त्यानेच झाला, हे अजून सिद्ध व्हायचंय. पण विचार करा, चाळिशीतल्या आजाराचं बी बालवाडीत पडलेलं असू शकतं.

थोडी प्रश्नोत्तरं झाली, तीही देते.

एका काकूंनी विचारलं, मिसळीने होतो का? नाही. मटकीत तंतू असतात, ते आतड्याला चांगलेच. तर्रीने जळजळ होईल, कर्करोग नाही. दोष जातो तो सॉसेज-सलामीसारख्या प्रक्रिया केलेल्या मांसाकडे, तंबाखूकडे, पोटाच्या घेराकडे आणि दारूकडे. वाइन दारूत धरायची का, असं मागून कोणीतरी विचारलं. नाशिकमध्ये हे बोलणं जिवावर येतं, पण हो, धरायची.

दुसऱ्या एकांनी विचारलं, घरात कोणाला झाला असेल तर? सख्ख्या नात्यात असेल तर कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बीण-तपासणी, चाळिशीला, किंवा त्या नातेवाइकाला ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधी, जे लवकर येईल ते. मावसभावाच्या धाकट्या भावाला मी तीन वर्षं सांगत होते. गेल्या पावसाळ्यात आला एकदाचा. आदल्या रात्रीचं ते जुलाबाचं औषध पिणं हाच काय तो त्रास, बाकी झोपेत होतं म्हणाला. सात मिलिमीटरचा पॉलिप निघाला. बरणी माझ्याकडेच आली. अ‍ॅडिनोमा होता, म्हणजे पुढे कर्करोगाकडे जाऊ शकणारा पॉलिप, कर्करोग नव्हता.

शेवटचा प्रश्न एका आजोबांचा, सभागृह रिकामं झाल्यावर. माईकवर विचारायला त्यांना संकोच वाटला. मुलगा बावन्नचा, हिमोग्लोबिन नऊ, दोन वर्षं लोहाच्या गोळ्या चालू आहेत, रक्त कुठे दिसत नाही, तर काही करायचं का? मी म्हटलं, बाईला पाळी असते, पुरुषाचं रक्त जातं कुठे, हे आधी शोधायला हवं. उजव्या बाजूच्या आतड्यातून थेंब थेंब जातं ते डोळ्यांना दिसत नाही. त्यांनी चष्म्याच्या डबीतला कागद काढला, 'कोलोनोस्कोपी' हा शब्द मला लिहायला लावला आणि विचारलं, "सोमवारी गेलं तर चालेल ना?"