डब्यात उरलेल्या सहा गोळ्या

(ठाण्यात नौपाड्यातल्या एका ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर पशुवैद्यांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

ही बाटली हातोहात मागे पाठवा. आत आहे तो मूतखडा, 12 वर्षांच्या लॅब्राडोर मादीच्या मूत्राशयातून काढलेला. सुपारीएवढा आहे. झाकण मात्र उघडू नका.

ती घोडबंदर रोडला राहायची. दिवसातून दहादा खाली न्यावं लागे, तरी घरात लादीवर थेंब थेंब. घरातल्या आजींना महिन्यापूर्वी युरिन इन्फेक्शन झालं होतं. बरं वाटल्यावर त्यांनी अँटिबायोटिकचा कोर्स अर्ध्यावर सोडला, डब्यात सहा गोळ्या उरल्या. लक्षण तेच, मग गोळी तीच. आजींना ती दिवसातून दोनदा होती. हिला रोज एक, पेढ्यात दडवून, 'मुक्या जनावराला जास्त नको' म्हणून. आणि खरं सांगतो, गुण आला! तीन दिवस लादी कोरडी.

पाचव्या दिवशी लघवीतून रक्त आलं. मी नमुना कल्चरला, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघायच्या तपासणीला, पाठवला. रिपोर्ट आला, जंतूंची वाढ नाही. आता यात माझीही चूक सांगतो. आधी काही दिलंय का, हे मी विचारलंच नव्हतं. गोळी पोटात असताना घेतलेल्या लघवीत जंतू सापडले नाहीत, म्हणजे ते नव्हतेच असं नाही. पंचनाम्याआधीच कुणी घर पुसून काढावं, तसं झालं होतं.

एक्स-रेत हा खडा दिसला. स्ट्रुवाइट जातीचा. कुत्र्यांत हे खडे बहुधा जंतूंमुळेच होतात: काही जंतू युरियाचं अमोनियात रूपांतर करतात, लघवी अल्कली होते, क्षार साचतात. आणि जंतू खड्याच्या थरांत दडून बसतात. गोळीनं लघवीतले मरतात, आतले राहतात. गोळी संपली की पुन्हा बाहेर. अर्धवट डोसात तगतात ते चिवट. पेनिसिलिन कमी घेतलं तर जंतू त्याला सरावतील, हे पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगनं 1945 च्या नोबेल व्याख्यानातच सांगून ठेवलंय.

बरं, म्हाताऱ्या कुत्र्याची लघवी वाढली म्हणजे इन्फेक्शनच, असंही नाही. भांडंभर पाणी पिऊन भरभरून लघवी होत असेल तर मधुमेह, मूत्रपिंड, कुशिंग नावाचा हार्मोनचा आजार यांकडे बघावं लागतं. कुंथून थेंबभर होणं वेगळं. झोपेत गादी ओली होणं आणखी वेगळं. नसबंदी झालेल्या माद्यांत स्नायू सैलावल्यानं ते होतं. या तिन्हींना घरात नाव एकच, 'सू-सूचा प्रॉब्लेम'.

कल्चरला दोन-तीन दिवस लागतात. तोवर दुखणं कमी करायचं औषध आम्ही देऊ. घरातलं आयबुप्रोफेन देऊ नका, त्यानं कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

कल्चरसाठी आम्ही शक्यतो सुईनं थेट मूत्राशयातून लघवी घेतो. साध्या तपासणीला घरची चालते. वरणाचा जुना, लांब दांड्याचा डाव घ्या. सकाळी ती बसली की पहिली धार जाऊ द्या, मग डाव हळूच खाली सरकवा. वॉचमन बघत राहील, राहू दे. लगेच आणता येत नसेल तर बाटली फ्रिजमध्ये. आणि सोबत ते गोळ्यांचं पाकीट आणा, रिकामं असलं तरी. मी रागावणार नाही.

फक्त एक. नर कुत्रा पुन्हा पुन्हा पाय वर करतोय, कुंथतोय आणि थेंबही येत नाही, असं दिसलं तर डाव-बिव राहू दे. सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री रिक्षा करा.