शिलाहारांची भाऊबंदकी: कादंबरीचा पहिला प्रसंग कुठे घडवाल?

[कॅमेरा तलावपाळीवर, मागे मासुंदा तलाव]

ठाण्याच्या शिलाहार राजघराण्यावर कादंबरी लिहायला घेतली की पहिला प्रसंग हमखास अंबरनाथच्या देवळात घडतो. मशाली, घंटानाद, खांबाआड दात-ओठ खाणारा धाकटा भाऊ. तो मोह सोडा. सुरुवात जकातीपासून करा. का, ते बघू.

[पडद्यावर वंशावळ]

आधी घर समजून घ्या. ठाण्याचं तेव्हाचं नाव स्थानक. शके ९३९ मध्ये, म्हणजे १०१७ साली, गादीवर आहे अरिकेसरी. त्याचा ताम्रपट १७८७ मध्ये ठाण्यातच खोदकाम करताना मिळाला. नऊ वर्षांनी, शके ९४८ च्या भांडुप ताम्रपटात राजा आहे छित्तराज. हा अरिकेसरीचा मुलगा नव्हे, पुतण्या. भाऊ वज्जड याचा मुलगा. छित्तराजामागून गादी त्याच्या भावांकडे, आधी नागार्जुन, मग मुम्मुणी. अंबरनाथचा शके ९८२ चा शिलालेख या मुम्मुणीच्या काळातला. नागार्जुनाला मुलगा होता, अनंतदेव. तो काय करत होता? काका राज्य करताना बघत होता.

एकाच घरात, दोन पिढ्यांत, दोनदा काका गादीवर आणि पुतण्या खाली. यापेक्षा जास्त कथानक विकत घ्यायची गरज नाही.

आता भांडणाचा पुरावा. खारेपाटण ताम्रपट, शके १०१६, राजा अनंतदेव. त्यात त्याची स्तुती अशी: भाऊबंदच वैरी झाले, त्या संकटात काही पाप्यांनी सत्ता बळकावून कोकण उद्ध्वस्त केलं, देवा-ब्राह्मणांना छळलं, त्यांना अनंतदेवाने बुडवलं. नाव एकाचंही नाही! इथे नवखा लेखक घाई करतो आणि मुम्मुणीला खलनायक करून मोकळा होतो. ताम्रपट तसं म्हणत नाही. खलनायक करायचा तर खुशाल करा, पण तो तुमचा निर्णय आहे हे प्रस्तावनेत लिहा.

दुसरी बाजूही वाचा. धारवाडजवळच्या नरेंद्र गावच्या शिलालेखात गोव्याचे कदंब राजे सांगतात की मुम्मुणीने आपली मुलगी त्यांच्या राजाला दिली. बढाई असेलही. पण घरच्या स्तुतीत जे येत नाही ते शेजाऱ्याच्या बढाईत सापडतं, आणि ती मुलगी तुमचं सगळ्यात सशक्त पात्र होऊ शकते. सासर आणि माहेर दोन्हीकडून तिला ओढ आहे, आणि दोन्ही कागदांत तिला तोंड नाही.

आता जकात. खारेपाटणच्या त्याच ताम्रपटात अनंतदेव भाभण श्रेष्ठी आणि त्याचा भाऊ धनाम श्रेष्ठी यांच्या जहाजांना कर माफ करतो. बंदरं दिली आहेत: स्थानक, नागपूर (विदर्भातलं नव्हे, कोकणातलं), शूर्पारक म्हणजे नालासोपारा, चेमुली म्हणजे चौल. एकाच ताम्रपटात आधी यादवीची आठवण, मग व्यापाऱ्यांना माफी. ताम्रपट दोन्ही गोष्टी जोडत नाही, कादंबरीकाराने जोडाव्यात. लढाईला पैसा कोणी पुरवला? हा प्रश्न धरला की राजवाड्याबाहेरची गोदी, हमाल, खलाशी आपोआप कथेत येतात.

तारखांत गल्लत होते ती अशी. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं, पण पौष-माघाच्या सुमाराला इंग्रजी वर्ष बदललेलं असतं, तेव्हा ७९. म्हणून खारेपाटणचा ताम्रपट १०९४-९५ असा लिहितात.

जेवणात मिरची, बटाटा, काजू, पेरू नको. हे सगळं पोर्तुगीजांच्या काळात आलं. तिखटाला मिरी, आलं. तोफ, बंदूक तर नाहीच.

सगळ्यात जास्त फसवतात शब्द. दरबार, फौज, हुकूम, सरदार हे फारसी-अरबी वळणाचे, नंतर रुळलेले. पात्रांच्या तोंडी सभा, सैन्य, आज्ञा, सामंत. निवेदनात थोडी सूट घ्या, संवादात नाही. मघाशी मी म्हटलेली 'मशाल'सुद्धा चालणार नाही, दिवटी म्हणा. आणि ज्या 'जकाती'पासून सुरुवात करायला सांगितलं, तोही शब्द अरबी.

तेव्हा पहिला प्रसंग असा: ठाण्याची खाडी, भरती. अधिकारी नावेवर चढतो, शुल्क मागतो. भाभण श्रेष्ठी काही न बोलता कापडात गुंडाळलेले तांब्याचे तीन जड पत्रे फळीवर ठेवतो. ते ओवलेल्या कडीवर गरुडाची मुद्रा. अधिकारी वाचायला लागतो, आणि भाऊबंदांच्या ओळीवर थबकतो. त्या अधिकाऱ्याचा भाऊ कुठल्या बाजूने लढला होता, ते ठरवून ठेवा.